बेबीनंदाचं जाड अक्षर

यंदा, दोन हजार दहाच्या पाडव्याला, माझ्या मुलानं जाफराबादला बी-बियाण्यांचं दुकान टाकलं. पाटी करायला आम्ही बापलेक जालन्याला गेलो. आता पाट्या रंगवत नाहीत, छापतात. दुकानातल्या माणसानं कॉम्प्युटर आमच्याकडं वळवला आणि अक्षरांचे नमुने एकामागून एक दाखवायला लागला. बारीक, तिरपं, गोल, काटकुळं. मला एकही पसंत पडेना. शेवटी तो म्हणाला, "काका, हे बघा. जुन्या फॅशनचं. ढाबेवाले, हॉटेलवाले, सगळे सध्या हेच मागून राह्यले."

मी चष्मा पुसून परत लावला. जाडजूड तांबडं अक्षर. कान्याचं टोक खाली बैलाच्या खुरासारखं पसरलेलं. कडेनं पिवळी किनार, उजवीकडं काळी सावली, आणि प्रत्येक अक्षराच्या पोटावर वांग्यावर असते तशी एक पांढरी चमक. मला कुणी झोपेतून उठवून दाखवलं असतं तरी ओळखलं असतं.

"हे कुणाचं अक्षर आहे?" मी विचारलं.

"कुणाचं म्हंजे? कॉम्प्युटरमधलं."

"नाव काय त्याचं?"

त्यानं पडद्यावर बघितलं. "पोस्टर सात."

माझं डोकंच फिरलं. मुलगा कोपर मारून म्हणाला, बाबा, हळू बोला. मी अठरा वर्षं कापसाच्या जिनिंगच्या खडखडाटात नोकरी केली आहे, मला हळू बोलता येत नाही. मी म्हणालो, "अरे, सात कसलं? हे बेबीनंदाचं अक्षर आहे!"

"कोण बेबीनंदा?" तो म्हणाला. माझ्या मुलानंसुद्धा तेच विचारलं, म्हणून हे लिहायला बसलो. हे लिहायचं तर माझी स्वतःची गोष्टही लपवून चालणार नाही. या बाईचं नाव भिंतीवरून घालवण्यासाठी तीन वेळा चुना मारून घेणारा माणूस मीच होतो.

बेबीनंदा म्हणजे संपत पेंटरची बायको. माहेर वडीगोद्रीकडचं, शाळा चौथीपर्यंत. लग्न होऊन जाफराबादला आली तेव्हा संपतचं नाव नुकतंच होऊ लागलं होतं. औरंगाबादला एका पेंटरच्या हाताखाली चार वर्षं राबून तो शिकून आला होता. त्याचं अक्षर फार देखणं, बारीक आणि वळणदार, लग्नपत्रिकेवर शोभावं असं. चुन्यात बुडवलेला दोरा ताणून तो भिंतीवर रेघा मारायचा, अक्षराची कड काढायचा, आणि आत रंग भरायचं काम बेबीनंदाकडं. वस्तीतली माणसं हसायची, की संपत्या बायकोला घेऊन शिडीवर चढतो. संपत म्हणायचा, दुसरा माणूस ठेवायचा खर्चा कोण देतंय? झाल्यावर पाटीच्या उजव्या कोपऱ्यात तो अंगठ्याएवढं ‘संपत आर्टस्’ लिहायचा. पेंटरची ती रीतच असते. आमच्या भागात पाटीवर दुकानाचं नाव मालकाचं आणि कोपरा पेंटरचा.

त्र्याऐंशी साली राजूरला एका भोजनालयाची पाटी चालू होती. दुसऱ्या दिवशी अंगारकी. राजूरच्या गणपतीला अंगारकीला किती माणूस लोटतं ते आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. सकाळी नऊच्या सुमाराला शिडीचा पाय सरकला आणि संपत उजव्या हातावर पडला. मनगटाचा चुरा झाला. हाड बसवणाऱ्यानं ते बसवलं, पण वाकडं बसवलं. तो हात पुढं आयुष्यभर थरथरत राहिला.

पण ते पुढचं. त्या दिवशी संपतला जीपमध्ये घातल्यावर भोजनालयाचा मालक डोक्याला हात लावून बसला. वर मालकाचं नाव लिहून झालं होतं, खाली ‘भोजनालय’ लिहायचं राहिलं होतं. उद्या पाच-दहा हजार माणूस समोरून जाणार आणि हे काय दुकान आहे हेच कुणाला कळणार नाही! बेबीनंदानं नवऱ्याबरोबर, डबा घेऊन आलेल्या सासूला जीपमध्ये बसवलं आणि स्वतः मागं फिरली. शिडी उचलली, ब्रश उचलला आणि म्हणाली, "मी ल्हिते."

मालक म्हणाला, "तुला येतंय का?"

"न्हाई येत. पण तुमच्याकडं दुसरं कोण हाय?"

तिनं ‘भ’ काढायला घेतला. नवरा नुकताच डोळ्यांदेखत पडलेला, त्याच शिडीवर ती चढलेली. हात लटलट कापत होता. रेघ नागमोडी आली. पुसायला गेली तर डाग पसरला. मग तिनं काय केलं, तर ती वाकडी रेघ आत घेऊन त्याच्यावर जाड रेघ मारली. तीही कापली, म्हणून आणखी जाड. खालची कड वेडीवाकडी दिसत होती, म्हणून उजवीकडून काळी सावली मारून ती झाकली. वरची कड सरळ येईना, म्हणून पिवळी किनार लावली. मध्ये ब्रशचे फरकाटे दिसत होते, त्यांच्यावर एक पांढरी चमक मारून लोकांची नजर तिकडं वळवली. कान्याची टोकं तुटक आली होती, ती दाबून पसरवली. त्या अक्षरात जी जी नक्षी आहे ना, ती एकेक झाकलेली चूक आहे. हे मला तिनंच पुढं सांगितलं, आणि सांगताना इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी त्या भोजनालयासमोर एसटी थांबायच्या आधीच माणसं खिडकीतून बोट दाखवायला लागली. संपतचं बारीक अक्षर जवळ गेल्याशिवाय दिसायचं नाही, हे जाड अक्षर धावत्या गाडीतून वाचता यायचं. ज्याला वाचता येत नव्हतं तोसुद्धा ‘त्या जाड्या पाटीच्या हॉटेलात भेटू’ म्हणायला लागला.

मग काय! राजूर, भोकरदन, जाफराबाद, आणि पार वडीगोद्रीच्या हायवेपर्यंत, सायकलचं दुकान असो की कापडाचं, ज्याला त्याला तेच अक्षर पाहिजे. पण ते मागताना लोक काय म्हणायचे? ‘संपत टाइप’. बाई दिवसभर शिडीवर, संपत खाली रंग कालवतोय, आणि आम्ही समोर चहा पीत म्हणायचो, संपतचा हात काय चालतो! कुणी कुणी तर शपथेवर सांगायचा की संपत भल्या पहाटे येऊन डाव्या हातानं कड काढून जातो आणि बाई नुसती भरते. डोळ्यांसमोर दिसत होतं ते आम्ही बघत नव्हतो. मी पण त्यातलाच.

कोपऱ्यात ‘संपत आर्टस्’ हे नाव तीच लिहायची. एकदा, सुरुवातीला, तिनं संपतला विचारलं होतं, की एखाद्या पाटीवर माझं नाव टाकू का? संपत म्हणाला, "हात गेला. आता माझ्याकडं नावच राह्यलंय. ते बी घेतीस का?"

यावर बाईमाणसानं काय बोलायचं! तिनं नऊ वर्षं तो विषय काढला नाही. संपत वाईट माणूस नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो. दारू नाही, हात उचलणं नाही. पण माणसाला एका वस्तूला धरून ठेवायची सवय लागली की मग ती वस्तू दुसऱ्याची आहे हे कळूनही हात सुटत नाही. तसं त्याचं झालं होतं.

ब्याण्णवच्या प्रजासत्ताक दिनाला बाजारपेठेतल्या दुकानदारांनी मिळून संपतचा सत्कार केला. जिल्ह्यात नाव काढलेलं संपत टाइप अक्षर, म्हणून शाल आणि नारळ. माइकवर बोलायला मलाच उभं केलं होतं. मी काय काय बोललो ते आठवून आज कान गरम होतात. ‘या जादूगाराच्या बोटांतून’ असंसुद्धा म्हणालो. संपतनं थरथरत्या बोटांनी नारळ धरला. बेबीनंदा मागं बायकांमध्ये बसली होती. तिच्या नखांत तांबडा रंग होता आणि तिनं हात पदराखाली घेतले होते.

संपतनं पुढं मला सांगितलं, की घरी जाताना ती एवढंच म्हणाली, "शाल तुम्ही पांघरा. ती तुमचीच. पण आता कोपरा माझा." तो चार दिवस तिच्याशी बोलला नाही. तीही बोलली नाही. रंग कालवायचं काम मात्र दोघांनी चालू ठेवलं.

आता माझी जिनिंग. जाफराबादच्या अलीकडं रस्त्याला लागून शेतकऱ्यांची सहकारी धनवंती जिनिंग होती. कपाशीच्या हंगामात बैलगाड्यांची रांग पार फाट्यापर्यंत जायची. मी तिथं क्लार्क. चेअरमन रखमाजी अण्णा, मोठे जमीनदार, बोलायला गोड आणि मनात धरून ठेवायला पक्के. ब्याण्णवच्याच हंगामाआधी अण्णांनी ठरवलं की रस्त्याकडच्या लांबलचक भिंतीवर जिनिंगचं नाव झळकलं पाहिजे, पुरुषभर उंचीचं, जाफराबादहून येणाऱ्याला लांबून दिसेल असं. मला म्हणाले, "संपतला सांग."

मी निरोप दिला. आली बेबीनंदा. भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पायांनी मोजली, परत मोजली, आणि म्हणाली, "साहेबराव भाऊ, ल्हिते. पण कोपऱ्यात माझं नाव टाकीन."

मी म्हणालो, "टाका की. कोपरा पेंटरचाच." माझ्या डोक्यात ‘संपत आर्टस्’ होतं. ऐकलं आणि कळलं यात फरक असतो.

काम बारा दिवस चाललं. लिहायची तिची एक तऱ्हा होती. सगळे पेंटर डावीकडून लिहीत येतात आणि शेवटी जागा पुरली नाही की अक्षरं चेंगरतात. ही आधी अक्षरं मोजायची, मधलं अक्षर भिंतीच्या मध्यावर काढायची आणि मग दोन्हीकडं सरकत जायची. दोन्ही टोकांना जागा बरोबर सारखी सुटायची. दहाव्या दिवशी अण्णा जीपमधून उतरले, मान वर करून बघितलं, खूश झाले आणि म्हणाले, "आता खाली माझं नाव टाक. चेअरमन म्हणून. मोठं."

बेबीनंदा मचाणावरूनच म्हणाली, "जागा न्हाई, अण्णा. आधी सांगायचं होतं. मंग मधून मोजताना तुम्हाला बी धरलं असतं."

अण्णा हसले. ते तसं हसले की आम्ही कर्मचारी खाली बघायचो. बाराव्या दिवशी काम संपलं आणि उजव्या कोपऱ्यात, जमिनीपासून दीड पुरुष उंचीवर, वीतभर अक्षरांत काळ्या रंगानं नाव आलं, ‘बेबीनंदा पेंटर’. ना संपत, ना आर्टस्.

अण्णा म्हणाले, "पुसा ते." मी विचारलं, का? ते म्हणाले, "चांगलं दिसत न्हाई." त्यांचं स्वतःचं नाव भिंतीवर नाही आणि हिचं आहे, हे एक. दुसरं म्हणजे, बाई आणि तीही बौद्धवाड्यातली. हे दुसरं ते तोंडानं बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती, ऑफिसात बसलेल्या प्रत्येकाला ते ऐकू आलं आणि त्यातला एकही काही म्हणाला नाही.

मी तिच्या घरी गेलो. म्हणालो, "बाई, अण्णा नाराज हैत. तेवढं नाव काढून टाका, दुसऱ्या कामाला सांगतो मी."

ती डबे धूत होती. म्हणाली, "मी ल्हिलं ते मी पुसत न्हाई. आन् भाऊ, जिनिंगचं नाव बी मीच ल्हिलंय. माझं पुसायचं तर ते बी पुसा. बराबर हाय का न्हाई?"

"तसं नका करू. अण्णा पुसून घेतील मंग."

"घेऊ द्या की." मग तिनं मान वर केली. "कशानं पुसनार?"

"चुना मारू."

ती एकदम हसली. "मारा, मारा. बिलकुल मारा."

ती का हसली ते मला कळलं नाही. आमची अक्कल अशी, की भिंत म्हटली की चुना. दिवाळीला चुना, लग्नाला चुना, सरकारी पाहुणा येणार म्हटलं तरी चुना. गोदामासाठी आणलेला भिजवलेला चुना पिंपात तयारच होता. आमचा वॉचमन कचरू शिडीवर चढला आणि त्यानं त्या नावावर दोन हात मारले. नाव गेलं. मी अण्णांना सांगितलं, गेलं.

पंधरा दिवसांनी कचरू फाटकाशी खुर्ची टाकून चहा पीत होता. कपात वरून काहीतरी पडलं. बघतो तर चुन्याचा पापुद्रा. वर बघतो तर ‘बेबी’. दुपारपर्यंत ‘नंदा’ पण निघालं. बाईनं खाली पांढरा ऑइलपेंट दिला होता आणि त्यावर काळा ऑइलपेंट. तेलकट गुळगुळीत रंगावर चुना धरतो होय? वाळला की पोपडे. पेंटरच्या बायकोला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. क्लार्कला, वॉचमनला आणि चेअरमनला माहीत नव्हतं.

आम्ही चुन्यात डिंक घालून मारला. संक्रांतीला परत नाव निघालं. मग कुणीतरी सांगितलं मीठ घाला, म्हणून मीठ घातलं, आणि तीन हात मारले. तेही पापुद्रे उन्हाळ्याच्या तोंडाशी पडायला लागले. तोवर भलतीच गोष्ट झाली होती. कोपऱ्यातल्या नावाकडं एरवी कुत्रंसुद्धा बघत नाही. पण आता जाफराबादच्या जीपमधली माणसं जिनिंग आली की माना बाहेर काढायची, "दिसतीया का आज बेबीनंदा?" "निम्मी दिसतीया." बाजाराला जाणाऱ्या बायका एकमेकींना दाखवायच्या. जिनिंगचं नाव बाजूला राहिलं आणि फाट्याला लोक ‘बेबीनंदाची भिंत’ म्हणायला लागले. संपत टाइप म्हणणारी जीभ अशी वळली, आणि ती आमच्या चुन्यानं वळवली.

अण्णांचा पारा चढला. कचरू बिचारा म्हणाला, "अण्णा, ऑइलपेंटच मारावा लागंल." अण्णांनी विचार केला. मग त्यांना असं काही सुचलं की त्यांच्या चेहऱ्यावर गोडी आली. मे महिन्यात सभासदांची वार्षिक सभा होती. त्याच दिवशी, सगळ्यांसमोर, संपतलाच बोलवायचं. त्यानंच ते नाव झाकायचं आणि तिथं स्वतःचं नाव लिहायचं. बाईचं नाव बाईच्याच नवऱ्यानं पुसलं, मग कोण काय बोलणार?

संपतनं हो म्हटलं. मी निरोप घेऊन गेलो तेव्हा बेबीनंदा तिथंच उभी होती. मला वाटलं ती आता रडेल, नाहीतर माझ्यावर तरी ओरडेल. ती नवऱ्याकडं बघून म्हणाली, "जायाचं तर जावा. पन शिडी मी धरीन. मागल्या वेळी मी नव्हती धरली, म्हून तुम्ही पडले."

सभेला तीनेकशे शेतकरी होते, जिनिंगच्या पटांगणात मांडव टाकला होता. अण्णांनी माइकवरून सांगितलं, "आपल्या संपतच्या भिंतीवर चुकून दुसरंच नाव पडलंय. तो आता ते नीट करून राह्यला. त्याचा मान त्याला भेटला पाहिजे." टाळ्या पडल्या. संपत धुतलेला सदरा घालून आला होता. त्याच्या मागं बेबीनंदा, खांद्यावर शिडी, हातात पिशवी. पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा मी स्वतः संपतच्या हातात दिला.

तिनं शिडी लावली, दोन्ही पायांनी खालची पायरी दाबली आणि म्हणाली, "चढा."

दहा वर्षांनी संपत शिडी चढला. ब्रश त्यानं उजव्या हातात घेतला, सवयीनं. पांढऱ्यात बुडवून वर नेला. हात असा थरथरायला लागला की पांढरे थेंब खाली बेबीनंदाच्या केसांवर आणि पदरावर पडले. ती हलली नाही. संपत त्या नावाकडं बघत राहिला. वीतभर अंतरावरून त्यानं ते पहिल्यांदाच बघितलं असावं, कारण लिहिलं त्या दिवशी तो घरी बसून होता.

मग तो खाली न बघता म्हणाला, "बेबे, काळा डबा दे."

डबा तिच्या पिशवीत होता. तो काय मागेल हे तिला माहीत होतं की नव्हतं, हे मी तिला कधी विचारलं नाही. त्यानं काळ्यात ब्रश बुडवला आणि चुन्याचे डाग राहिलेल्या ‘ब’वरून फिरवायला सुरुवात केली. रेघ गेली नागमोडी, पार कडेच्या बाहेर. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. संपतचा हात थांबला. त्याचे कान लाल झालेले मला खालून दिसले.

बेबीनंदा मान वर करून सगळ्या सभेला ऐकू जाईल अशी ओरडली, "जाड करा! मी बी तसंच केल्तं!"

त्यानं जाड केलं. थरथरलेली रेघ पोटात घेऊन वरून दुसरी मारली, मग तिसरी. ‘बे’, मग ‘बी’, मग ‘नं’. अर्धा तास लागला. अण्णा दोनदा म्हणाले, "अरे काय करून राह्यला हा?" एकही माणूस उठला नाही, मीही नाही. नाव झालं तेव्हा ते आधीच्या दुप्पट मोठं होतं, ओबडधोबड, आणि लांबून आधीपेक्षा साफ दिसत होतं.

शिडीवरूनच संपत म्हणाला, "अण्णा, ह्या भित्ताडावर माझ्या हातचं एवढं एकच नाव हाय. बाकी समदं तिचं हाय. दहा वर्षं झाले, एका बी पाटीवर माझं अक्षर न्हाई. ती शाल तुम्ही लोकांनी चुकीच्या माणसाला घातल्ती, आन् म्या ती घेतली."

अण्णा सभेकडं बघत होते आणि सभा अण्णांकडं बघत नव्हती, भिंतीकडं बघत होती. शेवटी अण्णा मला म्हणाले, "पुढचा विषय घे." मी पुढचा विषय वाचला, सरकीच्या साठ्याचा. त्या भिंतीला पुन्हा चुना लावा असं अण्णांनी मरेपर्यंत म्हटलं नाही.

त्यानंतर तिच्या प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात ‘बेबीनंदा पेंटर’ आलं. चार-दोन दुकानदार कुरकुरले, की नाव नको, नुसती पाटी दे. ती ब्रश पुसून पिशवीत टाकायची आणि निघायची. बहुतेक वेळा तिला वाटेतूनच परत बोलावलं जायचं. जे बोलवायचे नाहीत, त्यांची पाटी कोरी राहायची किंवा दुसरा कुणी तरी बारीक अक्षरात लिहायचा. जिनिंग दोन हजार एक साली बंद पडली. संपत दोन हजार तीनला गेला. भिंत आहे अजून. रस्ता वाढवताना निम्मी गेली, जिनिंगच्या नावातलं पहिलं अर्धं गेलं, कोपरा राहिला.

म्हणून ‘पोस्टर सात’ ऐकून माझं डोकं फिरलं. मुलाला जालन्यातच मुक्कामाला ठेवून मी जीपनं जाफराबादला आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन त्या दुकानात परत गेलो. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांची असेल ती आता. काम कमी झालंय, ट्रॉलीच्या फळ्या रंगवते, पण पिशवी खांद्याला असतेच.

दुकानवाल्यानं तिला कॉम्प्युटरवर ते अक्षर मोठं करून दाखवलं. ती वाकून बघत राहिली. पिवळी किनार बघितली, सावली बघितली, पोटावरची पांढरी चमक बघितली.

"हे जाड कशाला केलंय?" तिनं विचारलं.

"ताई, तशीच फॅशन आहे."

"फ्याशन न्हवं. ह्याचा हात कुठं थरथरलाय?" तिनं पडद्यावरच्या कान्यावरून बोट फिरवलं. "सरळ रेघ हाय. सरळ असताना जाड कशाला करायचं?"

तो म्हणाला, "मी बनवलं नाही ताई. आम्हाला असं तयारच येतं."

"नाव कुणाचं हाय त्याच्यावर?"

"नाव नसतं. नंबर असतो."

ती बाहेर गेली. दुकानाच्या दारावर त्याची स्वतःची नमुन्याची पाटी होती, लांबलचक, चकचकीत, त्याच अक्षरात. तिनं ती या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली, उजव्या कोपऱ्यात मोकळी जागा बघितली आणि पिशवीतून काळा डबा काढला.

"शिडी हाय का?"

"अहो ताई, काय करता? थिनरचा बोळा फिरवला की निघून जाईल ते!"

मी म्हणालो, "फिरव. तीनदा फिरव. मग मला सांग निघालं का."

माझा मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही कशाला मध्ये पडताय?" मी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. शेजारच्या इलेक्ट्रिकवाल्याची शिडी उचलून आणली, पाटीला लावली आणि दोन्ही पायांनी खालची पायरी दाबून उभा राहिलो. बाई वर चढली. वय माझं पासष्ट, शिडी माझ्या हातात थरथरत होती.

"साहेबराव भाऊ, हलू देऊ नका," ती वरून म्हणाली.

"आन् हलली तर?"

"हलली तर मंग जाड करीन."